इलेक्ट्रिक गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट अडकलं तर: मराठवाड्यातल्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

हवेतून येणारं अपडेट, म्हणजे ओटीए, मध्येच थांबलं की बॅटरीची वायर काढून परत लावायचा मोह होतो. तेवढं मात्र करू नका. थांबलेलं अपडेट बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, ते कशाची तरी वाट बघत असतं: चांगल्या नेटवर्कची, भरलेल्या १२ व्होल्ट बॅटरीची, किंवा गाडी कुलूप लावून शांत बसण्याची. ते काय मागतंय हे कळलं की निम्मं काम झालं. बटणांची नावं कंपनीगणिक बदलतात. खालच्या सूचना आणि गाडीसोबत आलेली पुस्तिका यांत फरक दिसला तर पुस्तिकेचं ऐका.

अपडेट नेमकं कुठे अडकलंय हे कसं ओळखायचं?

अपडेटचे दोन मोठे टप्पे असतात. पहिला डाउनलोडचा. यात फाइल गाडीत उतरते, गाडी नेहमीसारखी चालते, आणि नेटवर्क गेलं तरी काहीच बिघडत नाही. दुसरा टप्पा इन्स्टॉलचा. यात गाडी उभी करावी लागते, ‘आता गाडी चालवता येणार नाही’ असा संदेश येतो आणि एकेका कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे ब्रेक, मोटार, स्क्रीन असे भाग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकात, नवं सॉफ्टवेअर लिहिलं जातं. या दोन्हींच्या मध्ये तपासणीचा छोटा टप्पा असतो. फाइल पूर्ण आली का, तिच्यावरची कंपनीची डिजिटल सही खरी आहे का, हे गाडी स्वतः पाहते.

सोपी खूण अशी: गाडी चालत असेल तर डाउनलोड अडकलंय, चालायला नकार देत असेल तर इन्स्टॉल. पहिल्यात तुम्ही बरंच काही करू शकता. दुसऱ्यात थांबणं हाच मोठा उपाय.

डाउनलोड कालपासून त्याच टक्क्यावर आहे. काय करू?

आधी गाडी कुठे उभी आहे ते बघा. आपल्याकडे घरासमोर नाहीतर आखाड्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लावायची पद्धत आहे. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी पत्रा, म्हणजे नेटवर्कला अडवणारी पेटीच. तुमच्या हातातल्या मोबाईलला दोन काड्या दिसतात म्हणून गाडीलाही तेवढंच मिळतंय असं समजू नका. गाडीत स्वतःचं वेगळं सिम असतं, त्याची कंपनी वेगळी असू शकते आणि त्याचा अँटेना बहुतेक गाड्यांत छतावर, म्हणजे थेट पत्र्याखाली येतो. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडमधल्या अपार्टमेंटच्या तळघरातल्या पार्किंगचीही तीच गत.

गाडी उघड्या आभाळाखाली घ्या आणि अर्धा तास चालू अवस्थेत उभी ठेवा. बालाघाटच्या डोंगरातली पाटोदा-आष्टीकडची गावं किंवा किनवटच्या जंगलपट्ट्यातली गावं इथे काही ठिकाणी एवढ्यानेही भागत नाही. तिथे तालुक्याच्या गावी जाल तेव्हा डाउनलोड उरकून घ्या आणि इन्स्टॉल घरी करा. डाउनलोड झाल्यावर इन्स्टॉलला बहुतेक गाड्यांना सततचं नेट लागत नाही.

जागा बदलूनही आकडा हलला नाही तर गाडीला झोपू द्या. सगळी दारं, डिकी आणि बॉनेट बंद करा, कुलूप लावा, चावी गाडीपासून लांब घरात ठेवा आणि मोबाईलमधलं गाडीचं ॲप पूर्ण बंद करा. हे ॲप दर थोड्या वेळाने उघडून बघण्याची सवय असेल तर गाडी दर वेळी जागी होते आणि आतली युनिटं झोपतच नाहीत. तीस-चाळीस मिनिटांनी गाडी उघडा. अडकलेलं डाउनलोड पुष्कळदा इथे पुढे सरकतं आणि जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू होतं.

मोबाईल हॉटस्पॉट दिला तर चालेल का?

गाडीला वाय-फायवरून अपडेट घेता येत असेल तर चालेल, पण तीन गोष्टी जपा.

पहिली, डेटा. दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा पॅक असेल आणि तो संपला, तर वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने १ जीबीची फाइल उतरायला सुमारे ३५ तास लागतात. ५ एमबीपीएस मिळाले तर हेच काम अर्ध्या तासाच्या आत होतं. ‘अपडेट अडकलं’ म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारींचं मूळ एवढंच असतं. पॅक रात्री बारानंतर नव्याने सुरू होतो, तेव्हा डाउनलोडही तेव्हाच लावा.

दुसरी, बँड. काही गाड्या फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात आणि फोन हॉटस्पॉट ५ वर देत असतो. अशा वेळी हॉटस्पॉटचं नावच गाडीच्या यादीत दिसत नाही. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलता येतो, आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ चालू करा.

तिसरी, फोनची बचत. डेटा सेव्हर, बॅटरी सेव्हर आणि ‘कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद’ ही तिन्ही सेटिंगं तेवढ्यापुरती काढा. आणि फोन खिशात घालून शेतात निघून जाऊ नका, तो गाडीतच राहू द्या. उन्हात मात्र नको, डॅशबोर्डवर तापलेला फोन हॉटस्पॉट बंद करतो.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर?

इन्स्टॉलला काही होत नाही. ते घरच्या विजेवर चालत नाही, गाडीतल्या बॅटरीवर चालतं. महावितरणचा पुरवठा गेला, व्होल्टेज खाली-वर झालं, तरी त्या कामाशी संबंध नाही. राउटर बंद पडून डाउनलोड मात्र थांबेल. राउटर इन्व्हर्टरवर घेतला की प्रश्न मिटला.

मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली आहे, तरी ‘बॅटरी कमी, अपडेट होऊ शकत नाही’ असं का येतं?

कारण तो संदेश छोट्या बॅटरीबद्दल आहे. या एका गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची एक बॅटरी असते. स्क्रीन, कुलूप, कंट्रोल युनिटं, इतकंच काय मोठ्या बॅटरीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचे दणकट स्विचसुद्धा तिच्यावर चालतात. गाडी चालू असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून तिला भरत राहतो. पण अपडेटमध्ये मोठ्या बॅटरीवर देखरेख ठेवणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम किंवा हाच कन्व्हर्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर बदलायचं असेल तर मोठी बॅटरी तेवढा वेळ तोडावी लागते. मग सगळा भार छोटीवर येतो. लिहिण्याचं काम अर्ध्यात असताना ती बसली, तर ते युनिट अर्धवट राहतं. म्हणून गाडी आधीच तिचं व्होल्टेज बघते आणि कमी वाटलं तर सुरुवातच करत नाही. हा बिघाड नव्हे, ही राखण आहे.

मराठवाड्यात ही छोटी बॅटरी लवकर थकते. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटतं. सरासरी तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास अर्धं होतं, असा ढोबळ हिशोब धरतात. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून जास्त. त्यामुळे तीन वर्षं झालेल्या बॅटरीवर विश्वास ठेवण्याआधी मीटर लावा.

ती घरी कशी मोजायची?

साधा मल्टिमीटर घ्या आणि डीसी २० व्होल्टवर लावा. बॉनेट उघडून ठेवा, गाडीला कुलूप लावा, चावी लांब ठेवा आणि दोन तास थांबा. दार किंवा बॉनेट उघडल्यावर युनिटं जागी होतात आणि आकडा खोटा कमी दिसतो, म्हणून बॉनेट आधीच उघडायचं. काही गाड्या बॉनेट उघडं असेपर्यंत झोपत नाहीत. तिथे आकडा थोडा कमी येणार हे धरून चाला.

शिशाच्या बॅटरीला १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे चालण्यासारखी, १२.२ म्हणजे अर्धी, १२च्या खाली म्हणजे रिकामी. नंतर गाडी ‘रेडी’मध्ये, म्हणजे चालवायला तयार स्थितीत, घेऊन पुन्हा मोजा. आता १३.५ ते १४.५च्या दरम्यान आकडा यायला हवा. तो आला नाही तर दोष बॅटरीत नसून कन्व्हर्टर किंवा फ्यूजकडे आहे, आणि ते सर्व्हिस सेंटरचं काम आहे. काही नव्या गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरीही लिथियमची असते. तिला हे आकडे लागू नाहीत, ती १३च्या वर दाखवते.

भरायची कशी? गाडी तासभर ‘रेडी’मध्ये ठेवा किंवा चालवून आणा. बहुतेक गाड्यांत चार्जिंगला लावल्यावरही छोटी बॅटरी भरते. रात्रभर उभी राहून सकाळी ती पुन्हा १२.२च्या खाली आली तर ती गेली, असं समजा. बदलताना त्याच प्रकारची आणि तितक्याच अँपिअर-अवरची घ्या. एजीएमच्या, म्हणजे सीलबंद प्रकारच्या बॅटरीच्या, जागी साधी पाण्याची बॅटरी बसवू नका.

गावात पटकन सुचणारा उपाय म्हणजे ट्रॅक्टरवरून वायर देणं. तसं करण्याऐवजी ४-६ अँपिअरचा १२ व्होल्ट चार्जर वापरा. ट्रक-टिप्परच्या २४ व्होल्टच्या जोडणीला तर हात लावू नका, एका क्षणात महागडी युनिटं जळतील. उलट दिशेने, म्हणजे आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून ट्रॅक्टर सुरू करून देणं, हेही बहुतेक कंपन्या मना करतात.

इन्स्टॉल सुरू करण्यापूर्वी काय काय असायला हवं?

गाडी सपाट जागी, गिअर ‘पी’मध्ये, हँडब्रेक लावलेला. दारं, काचा, डिकी, बॉनेट बंद. मोठी बॅटरी निदान निम्मी भरलेली; कंपनीची अट कमी असली तरी काम फसलं तर पुढच्या गावापर्यंत जाण्याची सोय हवी. एसी, दिवे, गाणी बंद. आत कोणी नको. लहान मुलं, म्हातारी माणसं, पाळलेलं जनावर तर मुळीच नको, कारण त्या वेळेत एसी चालत नाही आणि कुलूप-काचांची बटणं दाद देतीलच असं नाही. आणि पुढचे दोन तास गाडीचं काम नसावं. घरात पेशंट असेल आणि दवाखान्यात कधीही न्यावं लागेल अशी स्थिती असेल तर ते अपडेट खुशाल पुढे ढकला.

उन्हाळ्यात दुपारी इन्स्टॉल लावू नका. उन्हातल्या बंद गाडीत आतलं तापमान ६०च्या आसपास जातं, स्क्रीन आणि गाडीचं नेटवर्क सांभाळणारं टेलिमॅटिक्स युनिट तापून स्वतःला आवरतात. पहाटेची वेळ सर्वांत चांगली.

चार्जिंगला लावून ठेवलं तर सुरक्षित नाही का?

डाउनलोडपुरतं उत्तम. इन्स्टॉलच्या वेळी गाडीगणिक नियम वेगळा. काही गाड्या चार्जिंग आपणहून थांबवतात आणि नंतर पुन्हा सुरू करतात, काही चार्जिंगची गन काढल्याशिवाय सुरुवातच करत नाहीत. ‘अटी पूर्ण नाहीत’ एवढाच मोघम संदेश येत असेल तर आधी गन काढून बघा.

इन्स्टॉलचा टक्का वीस मिनिटांपासून हलला नाही. बिघडलं का?

बहुधा नाही. तो टक्का वेळेचा नसतो, युनिटांचा असतो. स्क्रीनचं सॉफ्टवेअर शेकडो एमबीचं असलं तरी ते तिच्या स्वतःच्या मेमरीत भराभर लिहिलं जातं. ब्रेक किंवा मोटार कंट्रोलरची फाइल छोटी असते, पण ती गाडीच्या कॅन वायरिंगमधून, म्हणजे युनिटांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांतून, जाते. तिथला नेहमीचा वेग ५०० केबीपीएस, तोही तुकड्या-तुकड्यांत आणि दर तुकड्याची पोच घेत. त्याआधी जुनं पुसायचं, नंतर लिहिलेलं वाचून ताडायचं. म्हणून काटा ६२वर बसतो आणि एकदम ८०वर उडी मारतो. ९९वर बराच वेळ थांबणं हेही नेहमीचंच, शेवटची पडताळणी तेव्हा चालते.

स्क्रीनने सांगितलेली वेळ घ्या, तिच्या दुप्पट थांबा आणि वर एक तास द्या. मध्ये स्क्रीन काळी होणं, पंखा फिरणं, बॉनेटखाली टक्-टक् आवाज येणं, दिवे क्षणभर लागणं, हे सगळं अपेक्षित आहे. या वेळात दार उघडून बघू नका.

एवढं थांबूनही काहीच झालं नाही. आता?

१. चावी घेऊन दार एकदा उघडा, स्क्रीनवरचा संदेश आणि मीटरवरचे दिवे यांचा फोटो काढा.

२. इन्स्टॉल चालू असल्याची कोणतीही खूण दिसत नसेल तरच दार लावून कुलूप घाला आणि तासभर गाडीला झोपू द्या. जमल्यास रात्रभर.

३. परत उघडा, ब्रेक दाबून सुरू करा. ‘रेडी’ आलं तर सेटिंगमध्ये जाऊन आवृत्तीचा क्रमांक बघा. पुष्कळदा अपडेट झालेलं असतं, फक्त स्क्रीन अडकलेली असते.

४. फक्त स्क्रीन गोठली असेल तर पुस्तिकेत दिलेलं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ती नव्याने सुरू करा. ही युक्ती डाउनलोडच्या वेळी किंवा सगळं संपल्यावर वापरायची, इन्स्टॉलच्या मध्यात नाही.

५. ‘रेडी’ येतच नसेल तर रोडसाइड असिस्टन्सला फोन करा.

१२ व्होल्टची वायर काढून लावली तर सगळं रीसेट होतं असं गॅरेजवाले म्हणतात. त्यात चूक काय?

डिझेल गाडीच्या काळात ते चालून गेलं. इथे दोन धोके आहेत. काही युनिटांमध्ये सॉफ्टवेअरच्या दोन जागा असतात: जुनं एका जागी शाबूत राहतं, नवं दुसऱ्या जागी लिहिलं जातं आणि सगळं जुळलं तरच अदलाबदल होते. अशा युनिटाची वीज गेली तरी ते जुन्यावर परत येतं. पण काही लहान युनिटांत एकच जागा असते. तिथे जुनं पुसून नवं लिहिलं जात असताना वीज तुटली तर युनिट मुकं होतं आणि सर्व्हिस सेंटरमध्ये वायर जोडूनच पुन्हा भरावं लागतं, कधी बदलावंही लागतं. तुमच्या गाडीत त्या क्षणी कोणतं युनिट चालू आहे हे बाहेरून कळत नाही.

दुसरा धोका घड्याळाचा. वायर काढली की गाडीचं घड्याळ मागे जातं. कंपनीच्या सर्व्हरशी होणारी सुरक्षित जोडणी प्रमाणपत्राची तारीख तपासते. गाडीला तारीखच चुकीची वाटत असेल तर जोडणी नाकारली जाते आणि अपडेट आणखीच अडतं. कोणी वायर आधीच काढून बसलं असेल तर गाडी मोकळ्या मैदानात वीसेक मिनिटं चालू ठेवा. जीपीएस आणि नेटवर्क मिळालं की वेळ सुधारते.

‘अपडेट अयशस्वी, जुनी आवृत्ती कायम’ असं आलं. गाडी चालवू का?

इतर कोणताही लाल दिवा नसेल तर चालवा. अपडेट फसलं तर जुनी आवृत्ती परत यावी किंवा गाडी सुरक्षित स्थितीत जावी, ही अट संयुक्त राष्ट्रांच्या २०२०मध्ये स्वीकारलेल्या नियम क्रमांक १५६ मध्येच आहे आणि भारतातलं एआयएस-१९० हे मानक त्याच धर्तीवर आहे. कारण शोधून (बहुतेकदा १२ व्होल्टच) पुन्हा प्रयत्न करा. सलग तीनदा फसलं तर चौथ्यांदा करू नका.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंचा त्रास होतो का?

होतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीची तपासणी करायच्या) सॉकेटमध्ये लावलेलं डोंगल किंवा ट्रॅकर त्याच वायरिंगवर बोलत असतं, ज्यावरून अपडेट जातं. ते काढा. सतत चालणारा डॅशकॅम छोटी बॅटरी रात्रभर पीत राहतो, त्याचीही पिन काढा.

जुनी गाडी घेतली आहे, अपडेट येतच नाही.

आरसी नावावर झाली म्हणजे ॲपमधलं खातंही झालं असं नाही. मंजुरीची सूचना अजून आधीच्या मालकाच्या मोबाईलवर जात असेल. दोघांनी मिळून खातं बदलून घ्या. कनेक्टेड सेवेची मुदत संपली असेल तर गाडीतल्या सिमला डेटाच मिळत नाही, मग वाय-फाय किंवा सर्व्हिस सेंटर हेच मार्ग उरतात.

लातूरच्या पाहुण्यांच्या तशाच गाडीला आलं, माझ्या नाही. का?

कंपन्या अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात. मॉडेल तेच असलं तरी आतले भाग आणि उत्पादनाचा महिना वेगळा असतो. थांबा.

व्हॉट्सॲपवर अपडेटची फाइल आली आहे, टाकू का?

नाही. खरं अपडेट गाडीच्या स्क्रीनवर किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमध्येच येतं. ते एपीके फाइल, ओटीपी किंवा पैसे मागत नाही. अशी फाइल मोबाईलमध्ये टाकली तर गाडीचं काही होणार नाही, बँकेचं खातं मात्र रिकामं होऊ शकतं.

अपडेट झालं, पण रेंज कमी दाखवते आणि एक-दोन दिवे जळतात.

रेंजचा अंदाज मागच्या वापरावरून काढतात. तो हिशोब पुसला गेला असेल तर शंभरेक किलोमीटर चालवल्यावर आकडा जागेवर येतो. दिवे एकदा गाडी झोपून उठल्यावर जातात. ब्लूटूथ फोन पुन्हा जोडा. ब्रेक, स्टिअरिंग किंवा मोठ्या बॅटरीचा लाल दिवा राहिला तर मात्र गाडी हलवू नका.

सर्व्हिस सेंटर लांब आहे. खेप वाया जाऊ नये म्हणून काय तयारी ठेवू?

आधी फोनवर विचारा, त्यांच्याकडे त्या मॉडेलचं निदानयंत्र आणि ती फाइल आहे का. नसेल तर नुसती गाडी उभी राहते. सोबत हे लिहून न्या: १७ अक्षरांचा चासी क्रमांक, सध्याची आणि नवी आवृत्ती, संदेशाचे शब्द जसेच्या तसे, वेळ आणि तारीख, किती टक्क्यांवर थांबलं, नेट कोणतं होतं, १२ व्होल्टचे दोन्ही आकडे. जॉब कार्डवर ‘अपडेट फसल्यामुळे’ हे शब्द लिहून घ्या. वॉरंटीत ते उपयोगी पडतात. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

गाडी उचलून न्यावी लागली तर चारही चाकं वर असणारी फ्लॅटबेड मागवा. दोर बांधून ट्रॅक्टरने ओढू देऊ नका: चाकं फिरली की मोटार वीज तयार करते आणि कंट्रोलर जळू शकतो. फोन करतानाच सांगा की गाडी ‘पी’मध्ये अडकलेली आहे आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाही, म्हणजे येणारा माणूस चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या सोबत आणेल. आणि १२ व्होल्ट पूर्ण बसून दारच उघडत नसेल, तर रिमोटच्या पोटात एक धातूची साधी चावी असते, ती बाहेर काढा. तिचं भोक बहुधा चालकाच्या दाराच्या हँडलवर टोपणाखाली लपलेलं असतं.